एसच्या अलीकडे की पलीकडे

शहापुरातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागे उभं राहून स्क्रीनकडे असं बघतं, जणू मी त्याच्या नावातलं एखादं अक्षर लंपास करणार आहे. त्यात बोर्ड इंग्रजी आणि वर ॲपॉस्ट्रॉफीची ती स्वल्पविरामासारखी खूण असेल, तर विचारूच नका.

सापगावच्या महेशच्या सलूनचा बोर्ड केला. दुसऱ्या दिवशी तो हजर. नाव आणि एस यांच्यामधली खूण त्यानं नखानं खरवडून काढली होती. "ताई, शाईचा थेंब पडला होता. मशीन गळतंय तुमचं."

ती खूण म्हणजेच 'महेशचं' सलून, हे मी त्याला समजावलं.

"माझंच हाय ते," तो म्हणाला. "गावात कोणाला डाऊट हाय?"

मग शेणव्याचा महिला बचत गट. 'वुमेन'पुढे मी खूण टाकली, मग एस. अध्यक्षबाईंनी मुलींच्या होस्टेलचा बोर्ड पाहिला होता; तिथं खूण एसच्या नंतर. "त्या पुष्कळ जणी म्हणून नंतर. मग आमची आधी का? गट एकट्या सेक्रेटरीचा केला काय?"

सेक्रेटरी शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा पडला.

मी सांगितलं, गर्लला एस लावून अनेक मुली होतात, म्हणून खूण त्या एसच्या नंतर. वुमेन मुळातच अनेक बायका, म्हणून आधी. बायकांनी सगळं ऐकून घेतलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पण खाली मराठीत 'सर्वांचा' लिव."

तेव्हापासून आमच्या शेठनी नियमच केला. असा बोर्ड आला, की मालक किती ते आधी विचारायचं.

म्हणून मुरबाड रोडवरच्या ढाब्याचा बोर्ड आला तेव्हा मी विचारलं. ढाबा दोघा भावांचा, हे सगळ्यांना माहीत. नाव 'ब्रदर्स ढाबा'. थोरला एकटाच आला होता. एक भाऊ असेल तर खूण एसच्या आधी, दोघे असतील तर नंतर, असं मी त्याला सांगितलं.

त्यानं स्क्रीनवरच्या एसवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "एकच. आधी टाक."

मला धाकट्याचं वाईट वाटलं. त्याला हे माहीत तरी असेल का, असं सारखं मनात येत होतं. पण आपण कोण बोलणार? बोर्ड छापला, लागला.

आठवड्यानं धाकटा आला. मी मनाची तयारी केली. तो खुर्चीवर टेकला आणि खाली बघत म्हणाला, "दादानी ढाबा माझ्या नावावर केला. तो एक भाऊ म्हंजे मी."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"दुसरा बोर्ड छाप," तो म्हणाला. "खूण एसच्या नंतर टाक. आन् दादाला सांगू नको."