तिच्या हाताबद्दलचं दुसरं पत्रक

पत्रक लिहायला मला आमच्या वस्तीनं शिकवलं. विहारात सभा असली की आदल्या दिवशी आम्ही पोरी घरोघर कागद वाटायचो, आणि वाटता वाटता मी ते लिहायलाही लागले. मोठी मंडळी बजावायची, शेवटची ओळ अशी लिही की माणूस कागद फेकायच्या आधी ती शेजाऱ्याला वाचून दाखवेल. हे मी फार चांगलं शिकले. इतकं चांगलं की अशाच एका ओळीपायी माझ्या मैत्रिणीचे दोन महिने आणि एक गुडघा मी खराब केला.

ती आता पुण्यात असते. एका दवाखान्यात नोकरी करते आणि रविवारी तिथल्या पोरींसोबत सायकल काढते. मी वाशीमलाच आहे. रविवारी साडेपाचला जाग अजून येते. उठून बसते, मग आठवतं की कोणी फाट्यावर वाट बघत नाहीये.

आठवीत आम्हा दोघींना शाळेतून सायकली मिळाल्या होत्या. सगळ्या पोरींच्या एकाच रंगाच्या, म्हणून ओळखायला हँडलला रिबीन. आमच्या गावाहून अनसिंगच्या शाळेत जायचं, दोघींनी जोडीनं, रस्ता अडवून. चढ आला की ती उजवा हात माझ्या खांद्यावर टाकायची आणि मी शिव्या देत तिला ओढायची. मागून एसटीचा हॉर्न वाजला तरी ती हात काढायची नाही. त्या सायकलींच्या चेनी रोज पडायच्या. शेताच्या धुऱ्यावरून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी मोडायची, त्या काडीनं चेन उचलायची, चक्राच्या दातावर बसवायची, पेडल उलटं फिरवायचं. वर्गात गेलो की आमच्या वह्यांवर काळी बोटं उमटायची. मास्तर ओरडायचे. पण आमची सायकल बिघडली म्हणून आमचा बाप किंवा भाऊ आला आणि आम्हाला घेऊन गेला, असं एकदाही झालं नाही. या गोष्टीचा माज मला तेव्हा चढला, तो अजून उतरलेला नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती आईसोबत सोयाबीनच्या मळणीला गेली आणि थ्रेशरमध्ये तिच्या उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. थ्रेशरच्या तोंडाला झाकण नव्हतं. मालक म्हणाला, पोरीचंच ध्यान नव्हतं. गावानंही मान हलवली. मी तिच्या खाटेपाशी बसून पत्रक लिहिलं: झाकण का नाही, ते कोणी बसवायचं, आणि बोट गेल्यावर ध्यान कोणाचं मोजायचं. छापायच्या आधी तिला विचारलं, तुझ्या हाताचा फोटो टाकू का. ती म्हणाली, "टाक. पाहू दे लोकाईले." पट्टी निघाल्यावर तोच हात वर करून ती माझ्याबरोबर सात-आठ गावं फिरली. दोन थ्रेशरवाल्यांनी पत्र्याची झाकणं ठोकली. आमच्या मालकानं नाही ठोकलं.

पुढं वाशीमला आम्ही सायकलच्या ग्रुपमध्ये शिरलो. एक हाडांचे डॉक्टर, दोन मास्तर, कोर्टातले एक बाबू, एक हवालदार आणि आम्ही दोघी. तिच्याकडे जाड टायरची जुनी गिअरची सायकल होती. तिचे गिअर अंगठ्यानं पडायचे. अंगठा शाबूत होता, त्यामुळे हाताचा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. त्या ठोकळ्यावर ती सगळ्यांच्या पुढं असायची. तिला एकच गोष्ट करायची होती: दोनशे किलोमीटरची राईड, साडेतेरा तासांच्या आत. एकदा प्रयत्न केला होता, दीडशेवर वेळ संपली. जाड टायरवर ते होणारच नव्हतं.

मग डॉक्टरांनी नागपूरच्या ओळखीतून दोन वापरलेल्या रोड बाइक आणल्या. एक स्वतःला, एक ग्रुपतर्फे तिला. दोन्हींचा साचा सारखा, दोन्हींना तेलाचे डिस्क ब्रेक. फरक फक्त गिअरचा. एकीला तारेचे गिअर: उजव्या ब्रेकची दांडीच आत ढकलायची, तार ताणते, मागची चेन मोठ्या चक्रावर चढते आणि चढ हलका होतो. दुसरीला बॅटरीचे गिअर: दांडीवर बटण, ते नुसतं दाबायचं, चेन हलवायचं काम छोटी मोटर करते. आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर दोन्ही उभ्या करून डॉक्टर म्हणाले, आधी तू निवड. राहील ती माझी.

तिनं बॅटरीवालीचं मागचं चाक उचललं, पेडल फिरवलं आणि बटण दाबलं. झर्र असा बारीक आवाज. पुन्हा दाबलं. पुन्हा. आणि हसली. मी ते हसू पाहिलं होतं, हे इथं कबूल करते. पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. चार्जिंग संपलं तर काय करशील, मोबाईलशिवाय हिची सेटिंग होत नाही, आपल्या जिल्ह्यात एकही मिस्त्री हिला हात लावणार नाही. ती म्हणाली, "पाहू ना वं दोन दिवस."

त्या दोन दिवसांत मी ग्रुपवर पत्रक टाकलं. तार कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळते, बटण मिळत नाही. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही ती आपली नसते, कंपनी ती आपल्याला वापरायला देते एवढंच. आम्ही पऱ्हाटीच्या काडीनं चेन बसवणाऱ्या पोरी आहोत. आणि शेवटी: "माझ्या मैत्रिणीचा हात एका मशीननं नेला. त्या हाताला आता दुसऱ्या मशीनची मेहरबानी नको."

लोक वेडे झाले. अंगठे, फुलं, मुठी. हवालदारांनी टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चहावाल्यानं त्या दिवशी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "तारेची चालेल." मला वाटलं, जिंकलो.

मुद्दे खोटे नव्हते. ते आजही खोटे नाहीत, कोणी वाद घालायला यावं. पण पत्रक लिहिताना मी एकदाही माझ्या डोळ्यांपुढं तिचा हात आणला नाही. आणला होता तो फोटोतला.

दोन महिने ती त्या सायकलवर तयारी करत होती. मी पाहायची की सगळे चढावर गिअर हलके करतात, ही करत नाही. जड गिअरवर उभी राहून, दात आवळून चढते. मी ग्रुपवर लिहायची, एकाच गिअरवर चढते आमची वाघीण. ती खाली काही लिहायची नाही. सायकलवरून उतरताना ती डाव्या पायावरच उभी राहते, हे दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाली, उजवा पाय झोपेत आखडला.

एका रविवारी आम्ही दोघीच शिरपूरला निघालो. वारा समोरून होता. गावाच्या अलीकडच्या चढावर मी तिच्या मागं होते, नेहमीपेक्षा जवळ. तिनं डावा हात हँडलवरून उचलला, छातीपुढून आडवा नेला आणि त्या हातानं उजवी दांडी आत ढकलली. पुढचं चाक हललं, सायकल डांबर सोडून मुरुमात गेली, तिनं ती कशीबशी परत आणली. तेवढ्यात जैन मंदिराकडे जाणारी यात्रेकरूंची बस आम्हाला घासून गेली. बस दोन वीत जरी अलीकडे असती तर आज मी हे लिहीत बसले नसते.

शिरपुरात हॉटेलच्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "गिअर काहून नाही बदलत तू?"

"बदलते ना."

"आज पाह्यलं मी. डाव्या हातानं बदलून राह्यली होती."

तिनं आलुबोंडा फोडला, वाफ जाऊ दिली. मग सांगितलं. ब्रेक लागतो, तेलाचा आहे, दोन बोटांत येतो. पण दांडी आत ढकलायला जोर लागतो, आणि उरलेल्या दोन बोटांत तो पहिले दहा किलोमीटर असतो. मग बोटं ऐकत नाहीत. म्हणून चढाला जड गिअर तसाच ठेवायचा. म्हणून गुडघा.

"मंग बोलली काहून नाही?"

"कोणाले बोलू? तू लिहून टाकलं होतं. हवालदारसाहेब टपरीवर वाचून राह्यले होते. मी मधातून उठून म्हणू काय, का मले मेहरबानी पायजे?" मग माझ्याकडे न बघता, "पह्यल्या कागदाच्या टायमाले तू मले विचारलं होतं."

खरं सांगायचं तर पहिला राग मला तिचाच आला. दोन महिने गप्प राहणं मला समजतच नव्हतं. मी गप्प राहूच शकत नाही. राग उतरल्यावर मी फोन काढला. म्हटलं, आत्ता लिहिते, पत्रक मागे घेते, चूक माझी.

"तू काही नोको लिहू," ती म्हणाली. "तुह्यं लिहिणं बस झालं."

तिनं तिथंच, कढईच्या चरचराटात, ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: "डॉक्टरसाहेब, उजवी दांडी माह्याच्यानं दबत नाही. गुडघा सुजला. बटणाची सायकल मले बदलून द्या. अन् ते पत्रक मी लिहिलं नव्हतं."

अर्ध्या तासानं डॉक्टरांचा फोन आला. ते आपण हाडांचे डॉक्टर असून हे कसं दिसलं नाही, हेच दोनदा म्हणाले. तोवर बॅटरीच्या गिअरची त्यांना गोडी लागली होती, ते सायकल देताना कळलं. सीटवरून हात काढायला वेळ लागला. पण दिली. मोबाईलवरून त्यांनी अशी सेटिंग केली की मागचे गिअर डाव्या हाताच्या दोन बटणांवर आले. उजव्या हाताला फक्त ब्रेक. असं करता येतं हे मला माहीत नव्हतं. मी ती वस्तू समजून न घेताच तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. आठवडाभर ती बटणांची गल्लत करून चढावर जड आणि उतारावर हलका गिअर टाकत हसत होती. मग सवय झाली. गुडघ्याला महिना लागला.

दोनशेची राईड थंडीत झाली. सकाळी सहाला वाशीमला डॉक्टरांच्या दवाखान्यापासून निघायचं, मेहकरच्या पुढं जाऊन तिथंच परत. तारेची सायकल आता डॉक्टरांकडे होती, आणि त्यांना रुग्ण सोडून येता येईना म्हणून ती त्यांनी मला दिली. दिवसभर आम्ही आळीपाळीनं पुढं राहिलो; वारा एकीनं खायचा, दुसरीनं मागं दम घ्यायचा. तिच्या मागं असले की झर्र, झर्र ऐकू यायचं. परतताना आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव मागं पडलं तेव्हा दिवस बुडाला होता आणि हातात वेळ कमी होता. एका चढावर मी घाईत दांडी ढकलली आणि चेन पडली.

ती पाय टेकून थांबली. घड्याळ पाहिलं. मग मला विचारलं, "जाऊ?"

"जाय."

"खरंच जाऊ?"

"जाय ना वं माय, कायले उभी राह्यली."

ती गेली. मी चेन बसवली. दोन मिनिटंही लागली नाहीत, बोटं काळी झाली, कोणाची मदत लागली नाही. पण तिच्या मागचा आडोसा गेला तो गेलाच. मागच्या दिव्याचा लाल ठिपका वळणावर दिसेनासा झाला आणि पुढचे सगळे किलोमीटर मी एकटीनं वारा खात गेले. मी पोचले तेव्हा वेळ संपून वीस मिनिटं झाली होती. ती दवाखान्याच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती, मांडीवर वेळेत पोचल्याचा शिक्का मारलेलं कार्ड. अकरा मिनिटं राखून आली होती. मला पाहून म्हणाली, तुझ्या चेनीपायी माझं एक मिनिट गेलं. मी तिच्याशेजारी बसले. इतका आनंद मला माझ्या एकाही पत्रकानं दिलेला नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी पुण्याला फोन लावला आणि तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं. तिनं मध्ये फक्त एकदा थांबवलं. शिरपूरच्या चढाला वारा समोरून होता, म्हणाली, ते तू सोडलं; ते टाक, नाहीतर लोकांना वाटेल मी तेवढ्या चढालाच दमले. टाकलं.