आधी सुताले

“आधी सुताले, मंग पोटाले,” असं म्हणून तो तळहातावर तंबाखू चोळायचा आणि चिमूट गालात ठेवून हातमागाच्या खड्ड्यात उतरायचा. दुपार टळेपर्यंत वर येत नसे. आमच्या शेजारचा हा विणकर. त्याच्या धोतराचा काठ सबंध नागपुरात ओळखू येई, एवढं त्याच्या बाजूनं सांगून टाकतो. त्या बाजूनं सांगण्यासारखं पुढं काही नाही.

चहावाल्या कंपनीची माणसं गल्लीत फुकट कप वाटून गेली, त्या वर्षापासून त्याच्या घरात सकाळची भाकर बंद झाली. गुळाचा काळा चहा उकळायचा, तोच दिवसभर. मला हिशेबाची सवय. एकदा मांडून दाखवलं की चहा, गूळ आणि तंबाखूचा खर्च ज्वारीच्या खर्चाहून थोडाच कमी येतो, आणि अंगाला त्यातलं काहीच लागत नाही. तो हसला.

“बाबूजी, चहानं भूक मरते, तमाखूनं थकवा मरते. मंग मानूस निस्ता कामाचा उरते.”

त्याची बायको दिवसभर कांड्यांवर सूत भरायची. गरोदर राहिली तरी तेच. चक्कर येते म्हणाली की तो खड्ड्यातूनच तंबाखूची चिमूट पुढं करायचा. आमच्या घरातून भिंतीवरून तिला भाकर जायची. हे कळलं तेव्हा तो माझ्या दारात आला, शांतपणे म्हणाला, “तिले खायची आदत लावू नका. उद्या तुमी थोडीच पोसनार?”

तिचा भाऊ सावनेरहून ज्वारीचं पोतं घेऊन आला. बहिणीच्या पोटात जाऊ द्या, असं हात जोडून सांगून गेला. यानं पाव्हण्याला चहा पाजला, पोतं ठेवून घेतलं आणि त्या ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, गल्लीत लांब पसरून त्याला खळ लावतात. शेजारी कुंचे घेऊन दोन्ही बाजूंनी भराभर फिरतात. ते एकट्याचं काम नव्हे. खळ मध्येच वाळली की सूत चिकटतं आणि तुटतं.

शेवटच्या पिठाची खळ ताण्याला लागत होती, त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण बाहेर आली. पोरीच्या अंगात जोर नाही, वाटीभर पेज करा, म्हणाली. घरात पीठ नव्हतं.

“चहा द्या तिले,” तो कुंचा न थांबवता म्हणाला. “ताना वला हाये.”

माझी बायको पेज घेऊन पोचली तेव्हा तिला गिळवत नव्हतं. मूल मेलेलंच जन्मलं, आणि थोड्या वेळानं तीही गेली.

आतलं रडणं ऐकून शेजाऱ्यांनी कुंचे खाली ठेवले.

“एवढी बाजू होऊ द्या गा,” तो म्हणाला.

कुणी कुंचा उचलला नाही.

तेरावं झाल्यावर त्यानं नवा ताणा पसरला आणि घरोघर बोलवायला गेला. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं: “जेवून येतो गा.”

ऊन चढलं. तो या टोकाकडून त्या टोकाकडे एकटा पळत होता, मागं सूत तटातट तुटत होतं. माझ्या ओट्याशी थांबला.

“बाबूजी, तुमी तरी.”

आत पान वाढलं होतं. मी उठलो, आत गेलो आणि पोटभर जेवलो.