नावड्याच्या डब्यातली तिसरी प्रत

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला पहिला माणूस मी. हे मी सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. शिरवण्यात आमच्या आळीत कुणाच्या टीव्हीला चित्र येत नसलं तरी मला बोलावतात, आणि मीही जातो.

म्हणूनच बाबांच्या ट्रंकेत वाळवी शिरली तेव्हा कागद माझ्या हवाली झाले. गेलेल्या जमिनीचे सातबारे, संपादनाच्या नोटिसा, त्या जमिनीच्या बदल्यात सरकारकडून मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची पत्रं. प्लॉट अजून हातात आलेला नाही. कागद गेले तर येणारही नाही. मी एकेक पान स्कॅन करून लॅपटॉपमध्ये घातलं. लॅपटॉप सेकंडहँड, पण त्यावर लिनक्स मी स्वतः टाकलेलं, हेही सांगून ठेवतो.

मग वाळवीने कुरतडलेला गठ्ठा बाबांकडे सरकवला. "आता हे कचऱ्यात टाका."

"आनि तुझा डबा बिघडला तर?"

"बॅकअप घेणार आहे ना."

घेणारच होतो. पण कसा, यात तीन आठवडे गेले. इंटरनेटवर ठेवावा, तर घरचे कागद परक्याच्या कंप्युटरवर कशाला? दर तासाला आपोआप नक्कल काढणारा प्रोग्रॅम बसवावा, तर त्याच्या सेटिंगमध्येच एक रविवार गेला. मी सगळ्या पद्धतींचा तक्ता केला, रंगीत. बाबा रोज चहाला विचारायचे, "झाली का दुसरी प्रत?"

"तक्ता चाललाय."

"तक्त्याची तरी प्रत हाय का?"

शेवटी चिडून एक हार्ड डिस्क आणली आणि आरसिंक नावाच्या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका ओळीच्या आज्ञेने अख्खा फोल्डर तिच्यात उतरवला. चार मिनिटं लागली. डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली, म्हणजे शोधायला नको.

"दोनी एकाच पिशवीत?" बाबा म्हणाले. "एक आत्याकडं ठेव, नावड्याला."

"ही काय लोणच्याची बरणी आहे, आत्याकडे पाठवायला?"

बाबा मान डोलावून उठले. मला वाटलं, पटलं.

दसरा आला. मी आंघोळीला गेलो असताना आईने पाटावर हत्यारं मांडली. कोयता, तिची विळी, बाबांचे कंपनीतल्या दिवसांपासूनचे नटबोल्टचे पाने, आणि माझ्या बॅगेतून काढून लॅपटॉप आणि डिस्क. हळदकुंकू झालं, झेंडू झाला. बाबांनी नारळ फोडला आणि आईने ते पाणी पळीपळीने प्रत्येकावर सोडलं. मी टॉवेलवरच धावत आलो.

"आई, हे काय केलंस!"

"सगल्यांना दिला, मंग तुझ्या हत्याराला नको?" आई म्हणाली. "ही बारकी नवी हाय म्हनून तिला दोन पल्या."

दोन्ही वस्तू सुकायला दोन दिवस तांदळात पुरून ठेवल्या. दोन्ही उठल्या नाहीत. दुरुस्तीवाल्याने डिस्क नाकाशी धरली. "साहेब, खोबऱ्याचा वास येतोय."

रात्री जेवायला बसलो. माझ्या पदवीची फ्रेम समोरच्या भिंतीवर, तिच्याकडे बघवेना. बाबा मात्र निवांत भाकरी मोडत होते.

"बाबा, कागद गेले."

"कुटं जातील? तू सांगितला म्हनून मी काय कचऱ्यात टाकीन? त्याच दिशी नावड्याला देऊन आलो."

सकाळी मी नावड्याला. आत्याने दार उघडलं ते बोलतच. "ये रे ग्रॅज्वेट! फेकायचा माल न्यायला आलास?" आधी बसवून कालवण-भात वाढला. पोटभर जेवण आणि पोटभर टोमणे झाल्यावर तिने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. गठ्ठा बाहेर आला, प्लास्टिकमध्ये, वर कडुनिंबाचा पाला. एकही पान कमी नव्हतं. मी दुसरा लॅपटॉप घेतला, सगळे कागद पुन्हा स्कॅन केले आणि या वेळी तक्ता केला नाही.

आता पद्धत सोपी आहे. डिस्का दोन. दर रविवारी घरातल्या डिस्कवर तीच एक ओळ चालवायची. महिन्यातून एकदा नावड्याला जाऊन आत्याच्या डब्यातल्या डिस्कशी तिची अदलाबदल करायची आणि जेवून यायचं. ऑफिसात कुणी बॅकअपचं विचारलं तर मी हीच पद्धत सांगतो, आत्यासकट.

यंदा दसऱ्याला लॅपटॉप मी कपाटात कुलूपबंद केला. पाटावर फक्त त्याचा चार्जर ठेवू दिला, तोही बोर्डातून काढून. सकाळी आत्याचा फोन आला.

"काय रे, तुझी ती डबी हिकडं हाय. तिची पूजा मी करू ना?"

"आत्या, नको! हात लावू नकोस!"

"आरं वरडतोस कशाला? नारलाचा पानी नाय घालत," आत्या म्हणाली. "नुसता दूध घालते."