धारेत धरलेली होडी

आमच्या ह्यांना नदीवर सगळे खुंटा म्हणतात. वाहत्या धारेत अरुंद होडी अशी धरतात की बांधून ठेवल्यासारखी. बत्तीस वर्षं हेच काम. पुढे गिऱ्हाईक बसतं, पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरीनं पाण्यावर टाकतं. मागे हे वल्हं रोवून. मासा गिऱ्हाइकाचा, फोटोही गिऱ्हाइकाचा. ह्यांच्या वाट्याला लोकांच्या पाठी.

आता उजवा खांदा गेला. शर्ट चढवायलासुद्धा मी लागते. डॉक्टर म्हणाले वल्हं सोडा, पण ऐकतील तर शपथ. होड्यांच्या मालकाला कळलं तर धक्क्यावर दोऱ्या गुंडाळत बसवेल, ही धास्ती. मग ह्यांनी शक्कल काढली. गिऱ्हाईक न्यायचं वळणामागच्या संथ पाण्यात, तिथं होडी आपोआप उभी राहते. मासे मात्र धारेत. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरत दुसऱ्या होडीत गेली. उरले दर गुरुवारी येणारे रिटायर्ड जज्जसाहेब. दोन वर्षं एक मासा नाही. मला त्या म्हाताऱ्याचाच राग यायचा. एवढा शिकलेला, ह्याला पाणी कळू नये?

गेल्या गुरुवारी ह्यांना राहवेना. नेहमीसारखी साहेबांच्या दोरीला माशी बांधून दिली आणि त्यांच्या पाठीला सांगून टाकलं की इथं मासे नाहीत, मला धार झेपत नाही, मी तुम्हाला फसवतोय.

साहेब वळलेसुद्धा नाहीत. "माहीत आहे. इथं पाण्याचा आवाज कुठं येतो? पण मला माशी दिसत नाही रे, बांधताही येत नाही. तू न विचारता बांधून देतोस. दुसरा कोणी माझ्या मुलीला कळवेल, आणि ती मला घराबाहेर सोडायची नाही."

मग म्हणाले, एकदाच धारेत ने. मासा वर आला की 'उचला' म्हण, मी गळाची काठी उचलेन, म्हणजे तो अडकेल.

हे घेऊन गेले. काय म्हणावं ह्या माणसाला! खांदा टिकला तेवढा वेळ होडी धरली. साहेबांनी माशी टाकली, आणि मासा आला, चांगला हातभर. ह्यांना स्वच्छ दिसला. पण वल्हं धरायला दात आवळले होते, तोंडच उघडलं नाही. मासा माशी थुंकून गेला. हात सुटला, होडी आडवी होऊन खालच्या उथळात जाऊन टेकली. साहेबांनी विचारलं, आला होता का. हे म्हणाले, नाही.

घरी येऊन सांगताना रडले. मी चिडलेच. एवढं खरं सांगितलंत, मग हेच का नाही?

"आला होता म्हटलं असतं, तर परत चल म्हणाले असते."

शुक्रवारी ह्यांनी वल्हं मालकाला परत दिलं. जाताना शर्ट मीच चढवून दिला.