चार दिवसांचा सीझन

आमच्या शेजारच्या आजोबांनी कधी कुणाला पाठ दाखवली नाही. अगदी शब्दशः सांगतोय. आमच्याकडे चहा झाला की ते गप्पा मारत उलट्या पावलांनी फाटकापर्यंत जायचे, मागे न बघता हातानं कडी चाचपायचे आणि म्हणायचे, "डिफेन्समन आहे मी. समोरचा दिसेनासा होईपर्यंत वळायचं नसतं."

आम्ही आयर्लंडमधल्या मलिंगारला नवे होतो तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय. मग कळलं, हे मूळचे कॅनडाचे आणि तरुणपणी आईस हॉकीचे पगारी खेळाडू. नऊ हिवाळे बर्फावर उलटं धावत समोरून येणाऱ्याला अडवायचं, हे त्यांचं काम. डोक्याला टोप नाही, तोंडाला जाळी नाही, असा तो जमाना. पगार बेताचा, म्हणून उन्हाळ्यात दुधाची गाडी चालवायचे. पुढचे तीन दात त्या बर्फावरच राहिले. हनुवटी फुटली तेव्हा टाके घालणारी नर्स आयरिश निघाली. तिच्याशी लग्न करून ते तिच्या गावी आले, आणि इथे बर्फाचं मैदानच नाही हे त्यांना आल्यावर समजलं!

"गोल किती केले?" मी एकदा विचारलं.

"एक. चकती माझ्या पाठीवर आपटून आत गेली. मी पाहिलाच नाही."

मलिंगारचा फूटपाथ गोठतो तो वर्षातून चार-सहा दिवस. त्यातल्या पहिल्याच सकाळी आजोबा खिळ्यांचे जुने बूट चढवून हजर. "माझा सीझन सुरू झाला!" गल्लीच्या उतारावर कुणी घाबरून उभं दिसलं की ते दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उलटे चालू लागायचे. "पायांकडे बघू नकोस, माझ्या छातीकडे बघ," हे ठरलेलं वाक्य. माणूस पडलाच तर त्यांच्या अंगावर पडायचा.

गेल्या जानेवारीत माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली. दोन्ही गुडघे नवे बसवलेले. तिसऱ्याच दिवशी आमच्या दारात घसरली. लागलं फारसं नाही, पण तिनं धसका घेतला. आठवडाभर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. "मला तिकीट काढून दे बाबा. खिडकीत बसायला सांगलीत काय खिडक्या न्हाईत?" मी हात टेकले. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. अशी परत गेली तर पुन्हा येणार नाही, याची मला भीती वाटत होती.

आजोबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिळ्यांचे बूट घालून दारात उभे.

"तिला इंग्रजी येत नाही हं," मी म्हटलं.

"समोरून येणाऱ्याशी मी कधी बोलत बसलो नाही."

आई शाल गुंडाळून दारापर्यंत आली. आजोबांनी हात पसरले आणि स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं.

"काय म्हणतायत रे हे?"

"छातीकडे बघ म्हणतात. पायांकडे नको."

"अगं बया! परक्या बाप्याच्या छातीकडं कशी बघू?" असं म्हणून आई खुदकन हसली, आणि हसण्याच्या भरात पाऊल बाहेर पडलं. मग ते मागे मागे आणि ही पुढे पुढे, थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आईनं तिथे स्वतः निवडून बिस्किटं घेतली.

"इतक्या हळू मला कुणीच चुकवलं नव्हतं," आजोबा म्हणाले. "बट शी'ज ग्रँड!"

आई पूर्ण तीन महिने राहिली. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि दोघंही एकाच वेळी. तिनं केलेल्या चकल्या ते खोट्या दातांचा विचार करून चहात बुडवून खायचे.

नोव्हेंबरात आजोबा झोपेतच गेले. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना अंत्यदर्शनासाठी घरात ठेवलं होतं. शेवटचं बघून मी नकळत उलटाच दाराकडे निघालो आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंच्या पायावर पाय दिला. त्यांनी फक्त माझा दंड धरला.

या जानेवारीत आई पुन्हा आलीय. परवा सकाळी फूटपाथ गोठला होता. ती उंबऱ्यात थांबून शेजारच्या बंद दाराकडे बघत राहिली. मी बूट चढवले, तिच्यासमोर उभा राहिलो, हात पसरले आणि मागे सरकू लागलो. चार पावलांतच माझी नजर माझ्या पायांवर गेली.

"पायाकडं काय बघतोस?" आई म्हणाली, आणि तिनं शालीवरून स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं.