खंडेनवमीची विभूती आणि युरोपातली मशीन

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमचं घर लिंगायत, बसवण्णांना मानणारं. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची यांना आमच्या उंबऱ्याच्या आत कधी जागा नव्हती. या ग्रुपवर लोक चकव्याचे, हडळीचे अनुभव टाकतात ते मी हसत हसत वाचायचो. त्यामुळे तुम्ही आता मला हसलात तरी माझी तक्रार नाही... माझी तक्रार आहे ती त्या कंपनीबद्दल. आजही आठवलं की डोकं फिरतं.

मी हुलसूरचा. जिल्हा बिदर, महाराष्ट्राची हद्द अगदी जवळ. बसस्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे, भालकी-उदगीरकडच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट मी बनवून देतो. त्या ठेवायला युरोपातल्या एका होस्टिंग कंपनीची एक आख्खी मशीन, म्हणजे सर्व्हर, भाड्यानं घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको.

त्याच मशीनवर 'हुलसूर खबर' होती. माझे वडील, शिवशरणप्पा, रोज सकाळी फोनवर गावची खबर बोलून ठेवायचे – कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस सुटली – आधी मराठीत, मग कन्नडात. पुण्या-हैदराबादला गेलेली आमची माणसं ती ऐकायची. अप्पा गेले आणि त्यांचा आवाज तेवढा त्या मशीनवर राहिला. माझी आई, म्हणजे अव्वा, रोज चहासोबत त्यातली एखादी जुनी खबर लावते. त्या म्हशी केव्हाच सापडल्या, त्या लग्नांतली पोरं शाळेत जायला लागली. तरी तिला ती ऐकायचीच असते.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी अप्पा घरातल्या प्रत्येक अवजाराला विभूती लावायचे – ट्रॅक्टर, तराजू, दुकानाचं शटर, काही सुटायचं नाही. त्यांच्या मधल्या बोटाचं टोक कडबाकुट्टीत गेलं होतं. त्यामुळे तीन रेघांतली मधली रेघ कायम आखूड यायची, आणि बघणाऱ्याला लगेच कळायचं, हे अप्पांचं काम. त्यांच्या शेवटच्या खंडेनवमीला ते दुकानात आले आणि म्हणाले, "माझा आवाज ज्या मशीनवर राहतो, तिला कोण विभूती लावतंय?"

"अप्पा, ती युरोपात हाय. तिथं कोण लावणार?"

"मग बिनपूजेचीच राबायलीय का ती?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरच तीन बोटं ओढली. स्क्रीनवर त्या मशीनचं पान उघडं होतं. मी चिडून फडक्यानं ते पुसून टाकलं. विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

यंदा कंपनीचा मेल आला – आनंदाची बातमी! नव्या सुविधा! वेगवान मशीन, एका क्लिकवर बॅकअप, तंत्रज्ञाबरोबर थेट व्हिडिओवर 'तुमची मशीन प्रत्यक्ष पाहा'. आणि अगदी तळाशी – जुन्या मशीन बंद होणार, तुमचा डेटा आम्ही आपोआप नव्या क्लाउडवर हलवू, तुम्ही काहीही करू नका, जुन्या डिस्कचा नंतर चुरा केला जाईल. आनंदाची बातमी म्हणे! (तुम्ही विचाराल, दुसरी कॉपी नव्हती का? होती हो. घरची डिस्क विजेच्या झटक्यानं गेली, आणि नवी भरून घेईपर्यंत यांनी मशीन बंदसुद्धा केली.)

मग दुसरा मेल. 'तुमच्या मशीनच्या दर्शनी भागावर अनधिकृत पांढरी पावडर आढळली आहे. आत शिरलेल्या तुमच्या प्रतिनिधीचं नाव कळवा. तोपर्यंत मशीन बाजूला काढली आहे. खुलासा न आल्यास डिस्क नष्ट केली जाईल.'

माझा प्रतिनिधी?! माझ्याकडे साधा पासपोर्ट नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. चॅटवर भांडलो, तर तिकडून एकच उत्तर – आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. अरे, काय समजता? माझ्या बापाचा आवाज चुऱ्यात घालायला निघालात आणि भावना समजता?

म्हटलं, ती तुमची नवी सुविधा आहे ना, दाखवा मशीन. दुपारी व्हिडिओ लागला. अव्वा डबा घेऊन दुकानात आली होती. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईनं टेबलावर ठेवलेली मशीन कॅमेऱ्यासमोर वळवली.

पांढऱ्या तीन रेघा. मधली आखूड.

अव्वा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हे कुठलं हाय रे?"

"ती मशीन, अव्वा. युरोपातली."

"खोटं कामून बोलायलास? ही अप्पांची बोटं हायेत की."

ती बाई सांगत होती, आम्ही सगळे कॅमेरे तपासले, त्या रांगेत कुणीच आलेलं दिसत नाही. एवढं बोलून तिनं कापड घेतलं आणि रेघा पुसायला लागली. "तिला पुसू नको म्हण की!" अव्वा ओरडली. मी इंग्रजीत थांबा म्हणेपर्यंत रेघा गेल्या होत्या.

खरं सांगू? त्या दिवशी अप्पांचाही राग आला. इथली अवजारं कमी पडली होती का? त्यांच्या पूजेपायी त्यांचाच आवाज जायची वेळ आली होती.

खुलाशाच्या फॉर्मवर प्रतिनिधीचं नाव सक्तीचं होतं, रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढंच सरकेना. रागाच्या भरात टाकलं – शिवशरणप्पा. खाली त्यांचाच जुना ईमेल, जो आता मीच उघडतो. घ्या, शोधा म्हटलं. उत्तर आलं, 'धन्यवाद, तपासणी सुरू आहे.' मशीन तशीच बाजूला पडून.

काही आठवड्यांनी तिसरा मेल आला. त्या रांगेतल्या मशीन हलवताना चूक झाली होती. सगळ्यांचा डेटा गेला, परत मिळणार नाही, जुन्या डिस्कही चुऱ्यात गेल्या. 'तुमची मशीन पावडरीच्या तपासणीसाठी वगळली असल्यानं तुमचं नुकसान झालेलं नाही. सहकार्याबद्दल आभार.'

ज्या पावडरीवरून मला चोर ठरवलं, त्याच पावडरीनं अप्पांचा आवाज वाचवला. आणि यांनी माफी मागितली ती त्या बाकीच्यांची, माझी नाही! पुढं त्यांनी माझा डेटा हातानं उतरवून पाठवला, मी त्याच दिवशी तीन ठिकाणी ठेवला. अव्वानं चहा घेतला, खबर लावली. कुणाची तरी तांबडी म्हैस सुटली होती. अव्वा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

पुण्यात आयटीत असलेल्या मित्राला सांगितलं, तर म्हणाला, खोक्याची धूळ असेल, कुणा कामगाराची बोटं लागली असतील. मधली रेघ आखूड का, तर म्हणे त्याचंही बोट तुटलेलं असेल! असेल बाबा. याहून चांगलं उत्तर माझ्याकडेही नाही.

एक मात्र झालंय. फॉर्मवरचं ते नाव कंपनीनं आपल्या यादीत घालून घेतलं. आता त्यांचे मेल दोन ठिकाणी येतात. माझ्या नावावरचे मी संतापून कायमचे बंद केले. अप्पांच्या ईमेलवर अजून येतात – 'प्रिय शिवशरणप्पा, आमच्याकडे नवीन मशीन आल्या आहेत...'

ते बंद करायला हात होत नाही.