वाचनालयाचं मशीन आणि अध्यक्षांचा मेव्हणा

आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला संध्याकाळी रांग लागायची, ती थेट चपलांच्या मांडणीपर्यंत. देवघेवीचा कारकून निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी कुणीच आलं नव्हतं. सगळा भार एकट्या ग्रंथपालबाईंवर. कार्यकारिणीकडे विचारणा केली की अध्यक्ष सांगायचे, तरतूद नाही. बैठकीच्या मिसळीला मात्र तरतूद असायची.

माझं राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा रांगेत माझ्या पुढची बाई मुलीच्या क्लासची वेळ झाली म्हणून पुस्तक न बदलताच निघून गेली. माझा नंबर आल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "दुनियेची मशीनं दुरुस्त करतीस, आमच्यासाठी एक कर की."

मी केलं. दुकानात पडून असलेला एक जुना कॉम्प्युटर घेतला. बंद पडलेल्या सुपर मार्केटमधून बारकोड वाचायची बंदूक आणि पावती छापायचा छोटा प्रिंटर मिळाला. गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली. दुपारी वाचनालय बंद असायचं, तेव्हा मी आणि बाई पुस्तकांवर पट्ट्या चिकटवत बसायचो. प्लास्टिकचं कव्हर घातलेली पुस्तकं बंदुकीला दिसेनात, उजेड चमकायचा. मग पुठ्ठ्याचा उतार करून बंदूक तिरकी बसवली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तीनच वाक्यं टाकली: कार्ड दाखवा. पुस्तक दाखवा. पावती घ्या.

मग ते कार्यकारिणीला दाखवायचं ठरलं. अध्यक्ष कडक इस्त्रीत आले. या माणसाला मी वाचनालयात कधी पुस्तक हातात धरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पेटीवर बोट वाजवून बघितलं.

"लाकडी खोकं हाय हे. पुण्यात काचंचं असतंय."

"काम तेच करतं," मी म्हणाले.

"ते हाय की. पण चालवनार कोन?"

"ज्याला पुस्तक पाहिजे तो."

"म्हंजे मानूस नकोच?"

"नको. त्यासाठीच केलंय."

ते विचारात पडले. खरोखर पडले, चेहऱ्यावर दिसत होतं. "मग नेमायचं कुनाला?" त्यांनी विचारलं. बाकीचे सभासद गंभीरपणे माना हलवत होते. या मंडळींच्या हातात शहराची पुस्तकं आहेत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

उद्‌घाटन झालं. फीत, फेटे, भाषणं. अध्यक्षांनी हार नेमका बंदुकीवर घातला, त्यामुळे त्यांना दिलेलं पुस्तक मशीन वाचेना. त्यांनी ते झेंडूसमोर धरून फोटो काढून घेतला आणि खाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तर मशीनपुढे खुर्ची आणि खुर्चीत पन्नाशीचा एक गृहस्थ. अध्यक्षांचा मेव्हणा. कारकून नेमायला तरतूद नव्हती. लोकांनी स्वतः वापरायच्या मशीनपुढे माणूस बसवायला ती रातोरात सापडली होती. पडद्यावर कागद चिकटवला होता: हात लावू नये.

मी पुस्तक पुढे केलं, तर त्यांनी हातातून घेतलं. "थांबा पावणं, मी करतो. मोडंल ते." मला बाई असून पावणं म्हणण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण ते कार्डाआधी पुस्तक दाखवत होते, मशीन नाही म्हणत होतं आणि ते मशीनला शिव्या देत होते. मागे रांग होती. चपलांच्या मांडणीपर्यंत.

मी अध्यक्षांना दुकानातून फोन केला.

"आमचं मेव्हणं रिकामंच हायती की," ते म्हणाले. "आनि लोकास्नी मशीनला हात लावू दिला तर पुस्तकं चोरत्याली."

ज्या लोकांच्या वर्गणीवर हा माणूस अध्यक्ष म्हणून मिरवतो, त्यांना तो चोर म्हणत होता. मला राग आला नाही. रागाला समोरचा निदान बरोबरीचा लागतो. मी फोन ठेवला आणि ग्रंथपालबाईंकडे गेले.

बाईंनी फार चर्चा केली नाही. बालविभागाला टेबल कमी पडत होतं, ते त्यांच्या अधिकारात त्यांनी मशीनखालून काढून तिकडे नेलं. मशीन मी दाराजवळच्या खांबाला, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवलं. तिथे खुर्ची ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याची वाटच बंद होत होती. पडद्यावरचा कागदही काढला.

मेव्हणे दोन-तीन दिवस खांबाला टेकून उभे राहिले. मग पाय दुखतात म्हणून वर्तमानपत्रांच्या दालनात बसायला लागले. तिथे ते अजून आहेत, पगारासकट. मशीनपुढे आता कुणी नसतं. क्लासच्या घाईतली ती बाई मुलीला उचलून धरते, मुलगी पुस्तक दाखवते, पावती ओढून घेते आणि दोघी जातात. रांग उरलेली नाही. अजून एकही पुस्तक चोरीला गेलं नाही, असं ग्रंथपालबाई सांगतात.

वार्षिक सभेत अध्यक्षांनी 'आपल्या कल्पनेतून साकारलेल्या' मशीनचं वर्णन केलं आणि माझा सत्कार जाहीर केला. माझं नाव चुकीचं वाचलं. मी जागेवरून उठले नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अवो, जावा की वर, मानानं बोलावत्यात." मी म्हणाले, मान देणारा त्या लायकीचा पाहिजे. ते जरा अवघडले आणि पुढे बघायला लागले. शाल दुसऱ्या कुणाला तरी दिली. मला त्या माणसांबद्दल काडीचा आदर नाही, आणि तो वाटावा म्हणून मी काही धडपडतही नाही. प्रिंटरचा कागद संपला की बाई फोन करतात. मी रोल घेऊन जाते आणि बदलून येते.